दोन्ही आज्यांना हाक मारता येईल असं चिनी नाव: तैपेईतल्या नामकरणाच्या दुकानाबद्दल

तैवानी माणसाशी लग्न करून इथे राहिलेल्या मराठी मुलींना बाळ झालं की पहिल्या महिन्यातच एक घोर लागतो. जन्मनोंदणी 60 दिवसांच्या आत करायची असते आणि त्या नोंदीत नाव चिनी अक्षरांतच लागतं. घरात आपण बाळाला काहीही म्हणू, कागदावर मात्र आडनाव एक अक्षर आणि नाव बहुधा दोन अक्षरं. ती दोन अक्षरं कुठून आणायची? आम्ही 2023 मध्ये मुलीच्या वेळी तैपेईतल्या एका नामकरणाच्या दुकानात गेलो होतो. तेव्हापासून ओळखीतल्या बऱ्याच जणींनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. आधीच सांगते: जा, जरूर जा. पण काय हवं ते घरून ठरवून जा, नाहीतर आकडेमोडीत छान बसणारं आणि वर्गातल्या चार मुलींसारखंच असणारं नाव घेऊन परत याल.

दुकान शिंगथियन देवळाच्या परिसरात आहे. या देवळाजवळ रस्त्याखालून जाणारा जो भुयारी मार्ग आहे, त्यात ज्योतिषांची ओळच आहे, ती बऱ्याच जणांनी पाहिली असेल. आम्ही गेलो ते दुकान त्या ओळीत नाही, मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर आहे. पाटी फक्त चिनीत. आत एक लांब टेबल, भिंतीवर जाड कोश आणि साठीच्या एक बाई. इथे शिक्षकांना म्हणतात तसं नाव ठेवणाऱ्यांनाही ‘लाओशी’ म्हणतात, तेव्हा मीही तेच म्हणते. दक्षिणा 6,600 तैवान डॉलर, लाल पाकिटात घालून द्यायची. तेव्हाच्या भावाने साडेसतरा हजार रुपयांच्या आसपास. या धंद्यात याच्या निम्म्यातही नाव मिळतं आणि दुपटीतही.

मी इतकी चोखंदळ का होते, तेही सांगायला हवं. माझं नाव वैशाली. इथे लग्नाची नोंदणी करताना परदेशी जोडीदाराला चिनी नाव लिहून द्यावं लागतं. काउंटरवर घाईघाईत नुसत्या आवाजावरून माझी अक्षरं जुळवली गेली: पहिल्याचा अर्थ छपराचं कौल, दुसऱ्याचा वाळू. तेव्हापासून दवाखान्यात, बँकेत कुणी मला हाक मारली की समोरची माणसं एकदा मान वर करून बघतात. लेकीच्या वाट्याला हे येऊ द्यायचं नाही, एवढं पक्कं होतं.

शिवाय मी सोलापूरची. चिनी नाव म्हटलं की आम्हा सोलापूरकरांच्या डोळ्यांपुढे एकच नाव येतं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि 9 डिसेंबर 1942 ला तिथेच वारले. चिनी लोक त्यांना के दी-ह्वा म्हणून ओळखतात. ‘के’ हे कोटणीसमधलं ‘को’ धरून घेतलेलं खरंखुरं चिनी आडनाव आहे. तैवानमध्ये तर ते घरोघरी सापडतं, तैपेईचे एक माजी महापौरही याच आडनावाचे. ‘ह्वा’ म्हणजे चीन. पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या नावांत शेवटी हे अक्षर होतं. पण त्याचा जुना अर्थ फुलणं, बहर. आणि ‘दी’ नावाच्या झुडपाचा बहर ही ‘शिजिंग’ या अडीच हजार वर्षांपूर्वीच्या काव्यसंग्रहातल्या एका कवितेची पहिलीच ओळ आहे. ती कविता भावाभावांच्या मायेची. म्हणजे आवाज कोटणीसांचा आणि अर्थ बंधुभावाचा. त्यांच्या मुलाचं नाव सेनापती न्ये रोंगजन यांनी ठेवलं, यिन-ह्वा: एक अक्षर भारताचं, एक चीनचं. नाव कसं असावं याचं माझं माप हे होतं. आवाजही आपला हवा आणि अर्थही अंगावर वागवण्यासारखा हवा.

पहिल्या भेटीत लाओशींनी लेकीची जन्मतारीख, वेळ, आमच्या दोघांची नावं, आजी-आजोबांची नावं लिहून घेतली. आजी-आजोबांची नावं कशाला, असं मला वाटलं. कारण असं, की वडीलधाऱ्यांच्या नावातलं अक्षर नातवंडाच्या नावात घ्यायचं नाही. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला हौसेने ठेवतात, इथे तो अपमान. हे सुनांना माहीत असलेलं बरं.

मग पत्रिका. वर्ष, महिना, दिवस आणि वेळ यांची प्रत्येकी दोन, अशी आठ अक्षरं मांडून त्यांत लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी यांतलं काय कमी आहे ते बघतात आणि कमी असेल ते नावातून भरतात. आपला नावरस जसा नक्षत्राच्या चरणावरून येतो, त्याच जातीचं हे काम. आमच्या लेकीला लाकूड कमी निघालं. सासरचं आडनाव लिन, त्याचं अक्षर म्हणजे शेजारी शेजारी उभी दोन झाडं. लाओशी म्हणाल्या, आणखी थोडं लागेल.

त्यानंतर रेघांचा हिशोब. यावर थोडं थांबते, कारण पैसे याचेच घेतात असं सगळ्यांना वाटतं. प्रत्येक अक्षरात लेखणीच्या रेघा किती, त्या मोजून आडनाव आणि नाव यांच्या बेरजा करायच्या. बेरजा पाच. 1 ते 81 पर्यंतच्या प्रत्येक आकड्याचं शुभाशुभ ठरलेलं. ही पद्धत हजारो वर्षांची आहे असं दुकानं भासवतात, पण ती विसाव्या शतकात जपानच्या कुमासाकी केनो यांनी रूढ केली आणि जपानी राजवटीत तैवानमध्ये आली. रेघा मात्र आजच्या लिहिण्याप्रमाणे मोजत नाहीत, 1716 च्या खांगशी कोशाप्रमाणे मोजतात. डोक्यावरचं गवताचं चिन्ह आपण चार रेघांत लिहितो, हिशोबात ते सहा. बाजूचे पाण्याचे तीन थेंब हिशोबात चार. माझा नवरा इंजिनिअर. तो म्हणाला, एकाच अक्षराच्या दोन मोजण्या कशा चालतील? लाओशींनी कोश काढून मूळ अक्षर दाखवलं: तिथे गवत दोन पूर्ण रोपांसारखं काढलेलं आहे आणि रेघा खरंच सहा आहेत. चिडल्या नाहीत, टाळाटाळही केली नाही. हे मला आवडलं.

पुढच्या भेटीत लाल कागदावर सुबक अक्षरांत लिहिलेली यादी मिळाली. सगळ्या बेरजा शुभ, लाकूड भरपूर. आणि तरी मन उतरलं. जवळपास प्रत्येक नावात एकतर ‘छिंग’, म्हणजे निरभ्र आकाश, किंवा ‘यान’, म्हणजे सुंदर. अर्थ गोडच, पण आज इथल्या कुठल्याही बालवर्गात ‘छिंग’ म्हणून हाक मारा, निदान दोघी तरी मागे वळतील. नवऱ्याच्या वर्गात अशाच दोन-तीन यी-च्युन होत्या, त्यानंतरच्या वर्गांत या-थिंग. आकड्यांतून नाव काढलं की असंच होणार, कारण शुभ आकडे ठरलेले, त्यात बसणारी गोड अक्षरं ठरलेली आणि सगळी दुकानं त्याच गोणीतून काढणार.

तेव्हा मी सांगितलं, की घरी आम्ही तिला जुई म्हणतो. जुई म्हणजे काय, हे फोनवर फोटो काढून दाखवलं. सोलापूरला माझी आई रोज व्हिडिओ कॉलवर ‘जुई, जुई’ करते, तो आवाज कुठेतरी राहिला पाहिजे. इथपासून खरं काम सुरू झालं. मघापर्यंत कोष्टक भरणाऱ्या त्या बाई एकदम सरसावून बसल्या. एक अक्षर म्हणून बघितलं, मान हलवली. दुसरं म्हटलं. मग कोऱ्या कागदावर सावकाश लिहिलं: वर गवत, त्याखाली एक हृदय आणि त्याच्याखाली आणखी दोन हृदयं. उच्चार ‘झ्वेई’, पहिला आवाज र आणि झ यांच्या मधला, सूर खाली जाऊन वर येणारा. अर्थ, फुलाच्या आतले केसर.

मग त्यांनी माझ्या सासूबाईंकडे वळून तैवानी बोलीत विचारलं, हे अक्षर तुम्ही कसं म्हणता? सासूबाई चांगह्वाच्या, भातशेतीच्या घरातल्या. घरात त्या चिनीपेक्षा तैवानीच बोलतात. त्या लगेच म्हणाल्या, ‘लुई’. त्यांच्या बोलीत फुलं मोजताना हाच शब्द लागतो: एक लुई फूल, दोन लुई फुलं. डोळेही तसेच मोजतात. सोलापूरची आजी म्हणणार जुई, चांगह्वाची आजी म्हणणार लुई. मला तिथेच भरून आलं. यादीतल्या एकाही नावाने हे झालं नव्हतं.

नवऱ्याला हे अक्षर जुनाट वाटलं. खरं आहे, ते आज्यांच्या पिढीत चालायचं. मला त्यात काही वावगं वाटत नाही. आज्यांच्या नावांत जे टिकाऊपण असतं, ते या वर्षीच्या फॅशनमध्ये नसतं.

पण लाओशींनी अडचणी लपवल्या नाहीत, आणि या दुकानाला मी गुण देते ते यासाठी. पहिली अडचण राशीची. चिनी राशिचक्रात 2023 हे सशाचं वर्ष. राशीवरून अक्षरं निवडायची इथे एक वेगळी रीत आहे: ससा गवत खातो, धान्य खातो, तेव्हा सशाच्या वर्षातल्या मुलाला गवताचं, धान्याचं, झाडाचं चिन्ह चांगलं. हृदय मात्र मांस समजतात आणि ससा मांस खात नाही. झ्वेईमध्ये तर तीन हृदयं! दुसरी अडचण रेघांची. लिहिताना सोळा, हिशोबात अठरा. नावाचं शेवटचं अक्षर अठराचं असलं की एक बेरीज हमखास 19 येते आणि 19 अशुभ. पहिलं अक्षर कुठलंही घ्या, ती बदलत नाही.

मी स्पष्ट विचारलं, तुमच्या नातीचं असतं तर? त्या म्हणाल्या, गवत वर आहे, ते झाकून घेतंय. पुढचं अक्षर धान्याचं घेऊ, म्हणजे सशाला खायला मिळेल. एकोणीस राहील, ते मी कागदावर तसंच लिहीन. आणि लिहिलंही. यादी विकायची असती तर त्यांनी मला या अक्षरापासून परावृत्त केलं असतं. त्यांनी ग्राहकाला सगळं सांगून निवड ग्राहकावर सोडली.

धान्याचं अक्षर म्हणजे ‘ह’, सूर वर जाणारा. उभं पीक, भाताचं रोप. हे अक्षर कसं दिसतं ते सांगते, कारण त्यासाठीच आम्ही ते घेतलं. चिनीत झाड लिहायला एक उभी रेघ, एक आडवी आणि खाली दोन तिरक्या. आमच्या आडनावात असं झाड दोनदा येतं. त्याच झाडाच्या शेंड्यावर एक छोटी तिरकी रेघ दिली की त्याचं धान्य होतं: दाणे भरले की कणीस वाकतं, ती ही रेघ. म्हणजे पूर्ण नावात आधी दोन झाडं, मग कणीस वाकलेलं रोप, मग फुलाचा गाभा. लिन ह-झ्वेई. ‘ह’ला रेघा पाचच. पहिलीत लेकीला झ्वेई घटवायला कष्ट पडतील, निदान मधलं अक्षर तरी सोपं जाईल. हाच उच्चार आणि हाच सूर असलेलं दुसरं एक अक्षर आहे, त्याचा अर्थ सलोखा. नुसतं कानावर पडलं तरी वाईट अर्थ निघत नाही, हे लाओशींनी चिनी आणि तैवानी दोन्हींत मोठ्याने म्हणून तपासलं. भाताचं अक्षर म्हटल्यावर सासरेही खूश. त्यांचा जन्म शेतात गेला आहे.

बेरजाही बऱ्या आल्या: मुख्य 13 शुभ, एकूण 31 अतिशय शुभ. आडनाव सोडून नावाच्या दोन अक्षरांची आली 23. हा आकडाही शुभ, पण जुन्या पुस्तकांत शेरा असतो, बायकांना जड. 21, 23, 33, 39 हे आकडे पुरुषाला कर्तबगार करतात आणि बाईला लागले तर म्हणे नवऱ्याला भारी पडतात. यावर मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. तोच आकडा मुलाला चांगला आणि मुलीला वाईट, हे मला पटत नाही आणि पटवून घ्यायचंही नाही. लाओशी म्हणाल्या, हल्ली आईबापच मुलीसाठी 23 मागायला येतात, मी त्याचे गुण कापत नाही. इतर दुकानांत कापतात. तुम्ही मुलीचं नाव ठेवायला जाल तेव्हा हा प्रश्न आधी विचारा. उत्तरावरून माणूस कळेल.

आता माझ्या नावाची गोष्ट. हे पैशात धरलेलं नव्हतं, गप्पांत निघालं. लाओशींनी माझं कौल आणि वाळूवालं नाव वाचलं आणि मूळ नाव विचारलं. वैशाली म्हटल्यावर त्या उठल्या, एक पोथी काढली. विमलकीर्तिसूत्र हा बौद्ध ग्रंथ. कुमारजीव या भिक्षूने तो 406 मध्ये चिनीत आणला आणि त्याच्या सुरुवातीलाच वैशाली नगरी येते, ‘पी-ये-ली’ या अक्षरांत. सोळाशे वर्षांपासून माझं नाव चिनीत लिहिलं जातंय आणि काउंटरवर कुणाला ते सुचलं नाही. पुढचं आणखी सुंदर आहे. विमलकीर्ती हा त्या वैशालीतला गृहस्थ उपासक. चिनीत त्याचं नाव वेई-मो-च्ये. थांग काळातला थोर कवी वांग वेई याचं नाव वेई आणि मोठेपणी घेतलेलं दुसरं नाव मो-च्ये. दोन्ही जोडा, विमलकीर्ती उभा राहतो. आपल्याकडचं एक नाव दोन तुकडे होऊन चीनच्या सर्वांत मोठ्या कवींपैकी एकाच्या अंगावर गेलं, हे मला सोलापुरात कुणी सांगितलं नव्हतं, इथल्या शाळेतल्या मुलांना सांगतात की नाही कोण जाणे. एवढ्यासाठी सुद्धा ते 6,600 मला वसूल वाटतात.

त्यावरून शिजिंगचा विषय निघाला. इथे जुनं वचन आहे, मुलीसाठी शिजिंग चाळा, मुलासाठी छूत्सी हा दुसरा जुना काव्यसंग्रह. मलेरियावरच्या औषधासाठी 2015 चं नोबेल मिळालेल्या थू यौयौ यांचं नाव शिजिंगमधलंच. ‘यौ यौ’ म्हणजे हरणांचा आवाज. त्या कवितेत हरणं रानातल्या वनस्पती खातात, त्यांत दवणावर्गातल्या झुडपांचं एक नाव येतं, आणि थू बाईंचं औषध निघालं ते त्याच वर्गातल्या झाडापासून. वडिलांनी नाव ठेवताना लेकीच्या हातून काय घडणार हे कुणाला ठाऊक होतं? तरी जुन्या कवितेतलं नाव ठेवलं की मुलाच्या पाठीशी काहीतरी उभं राहतं, असं मला मनापासून वाटतं.

आता न आवडलेलं. सोबत जी छापील पुस्तिका देतात ती कुचकामी आहे. स्वभाव, आरोग्य, विवाहयोग, सगळं ठोकळेबाज. आमच्या पुस्तिकेत दोन ठिकाणी मुलीऐवजी मुलगा छापलं होतं. निघताना मदतनीस मुलीने बाळाच्या नाळेचा शिक्का आणि जावळाचा कुंचला घ्यायचा आग्रह धरला. इथे बाळाचं पहिलं जावळ काढून त्याची लेखणी करतात. प्रथा मला फार आवडली, कारण आपल्याकडे जावळ वाहून टाकतात आणि इथे ते मुलाच्या हाती लिहायला देतात. पण नावाच्या दुकानातला भाव बाहेरच्यापेक्षा बराच चढा होता, आम्ही दुसरीकडून करून घेतला. आणि पहिल्या यादीच्या वेळी बोलणं फारच आखडतं. आम्ही ती मुकाट घेऊन गेलो असतो तर लेक आज आणखी एक ‘छिंग’ असती आणि पैसे तेवढेच गेले असते.

नवरा पहिल्यापासून म्हणत होता, एवढा काथ्याकूट कशाला, नाही आवडलं तर बदलू. इथल्या कायद्याने नाव तीनदा बदलता येतं हे खरं, पण अज्ञान मुलाला दुसरा बदल सज्ञान झाल्यावरच करता येतो. 2021 च्या मार्चमध्ये एका सुशीच्या साखळीने नावात सॅमन मासा असलेल्यांना फुकट जेवण ठेवलं, तर तीनशेहून अधिक जणांनी सरकारदरबारी नाव बदलून त्यात मासा घातला. तरुण पोरं होती, पण मला ते बघवलं नाही. कुणाच्या तरी आजीने ठेवलेली अक्षरं होती ती.

फोनवरची नामकरणाची ॲप्स चालतील का, असंही विचारतात. रेघा मोजायला चालतील, ते काम ती बिनचूक करतात. तैवानी बोलीत कसं ऐकू येईल, मराठी कानाला काय वाटेल, ते तुमच्यासाठी कुणी बसून बघणार नाही. एका ॲपने तर असं अक्षर सुचवलं होतं की ते टाइपच होईना. असलं दुर्मीळ अक्षर घेऊ नका, बँकेपासून विमानाच्या तिकिटापर्यंत मूल जन्मभर निस्तरत बसेल.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक गुण पुस्तिकेचा आणि त्या पहिल्या यादीचा कापला.

जाणार असाल तर सासू किंवा आजेसासू, तैवानी बोलणारं कुणीतरी सोबत न्या. घरातलं मराठी नाव लाओशींना पहिल्याच भेटीत मोठ्याने म्हणून दाखवा आणि त्याचा अर्थ चित्र किंवा फोटो दाखवून सांगा. जन्मवेळ दवाखान्याच्या कागदावरून मिनिटासकट घ्या. पुस्तिका नको म्हणून सांगितलं तर पैसे कमी होत नाहीत, पण तो वेळ अक्षरांवर बोलायला मिळतो. आणि साठ दिवसांची मुदत लक्षात ठेवून बाळ महिन्याचं व्हायच्या आत वेळ ठरवा, शनिवार-रविवारी नंबर लागत नाही.